ज्याची पाठ, त्याची गादी

चप्पल घेतांना ती पायांत घालून दुकानांत चार पावलें चालून पाहणारा मनुष्य गादी घेतांना मात्र ती बोटानें दाबतो, कापडाचा रंग पाहतो, किंमत विचारतो आणि घरीं घेऊन येतो. चप्पल फार तर दोन वर्षें टिकते आणि चावली तर काढून टाकतां येते. गादीवर मनुष्य रोज सहा-सात तास पडतो, तोहि दहा-पंधरा वर्षें. आणि ती चावत असली तरी झोपेंत तें कळत नाहीं. सकाळीं कंबर बोलूं लागली म्हणजे आपण दोष देतों वयाला, वाताला, किंवा आदल्या रात्रीच्या उसळीला. आम्हीहि साठी ओलांडीपर्यंत असेंच करीत आलों. या विषयांत आम्हांस जें थोडें ज्ञान झालें, तें पुस्तकांपेक्षां पाठीनें अधिक शिकविलें. आणि त्यांतील मुख्य धडा तर आमच्या पाठीनेंहि नव्हे. तो कोणाच्या पाठीनें शिकविला, तें पुढें ओघानें येईल.

आमचें घर आचोळ्यास. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेस हें गांव. भातखाचरांच्या जागीं आतां इमारती उभ्या आहेत. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला. परंतु हवा जी होती तीच आहे. समुद्र व खाडी जवळ असल्यानें पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल आणि पुस्तकांना बुरशी. आमचें घर अद्याप जुनें, बैठें, अंगणाचें आहे. आम्ही उभयतां, धाकटे बंधू व भावजय, मुलगा, सून आणि दोन नातवंडें असें आठ माणसांचें हें बिऱ्हाड.

२०२३ सालच्या जून महिन्यांत, पहिली सर येऊन गेल्यावर, अंगणांतली तुळशीशेजारची कुंडी हलवितांना आमची कंबर धरली. अशा प्रसंगीं काय करावयाचें, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नव्हती. मऊ अंथरूण म्हणजे आळसाचें माहेर, ही आमच्या तीर्थरूपांची शिकवण. आणि शय्येच्या सुखाला हसणारीं सुभाषितें तर आम्हीं स्वतःच तीसहून अधिक वर्षें वर्गांत शिकविलीं. आम्हीं पलंगावरची गादी काढविली, प्लायवुडच्या फळीवर एक सतरंजी अंथरली आणि तिच्यावर वीस दिवस पडून राहिलों. सारें घर आमच्या कंबरेभोंवतीं फिरूं लागलें. मुलगा रात्रीं आठांच्या लोकलनें उभ्या उभ्या प्रवास करून येई, तो पाय न धुतांच आमची विचारपूस करी. बंधु वर्तमानपत्र वाचून दाखवीत. नातवंडांना ओसरीवर खेळण्याची बंदी झाली. आमचें कुटुंब दिवसांतून तीन वेळां शेकाची पिशवी आणून देई व रात्रीं आमच्या पलंगाशेजारीं जमिनीवर आपलें अंथरूण घालून, आम्ही कण्हलों कीं उठे.

वीस दिवसांनीं कंबर होती तशीच राहिली. शिवाय कुशीवर निजण्याची आमची संवय असल्यामुळें खांदा दुखूं लागला आणि मांडीच्या वरचें हाड बधिर होऊं लागलें. तेव्हां डॉक्टरांकडे जाणें भाग पडलें. त्यांनीं वाकवून, पाय उचलून, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिलें, भयाचें कांहीं नाहीं असें सांगितलें आणि पहिली आज्ञा केली ती, "उठा आणि चालूं लागा." दुसरी आज्ञा फळी काढण्याची.

आमचा हट्ट अगदींच निराधार नव्हता. एके काळीं पाठदुखीच्या रोग्याला कठीण फळीवर निजविण्याचा सल्ला डॉक्टरच देत असत. पुढें तपासून पाहतां तो टिकला नाहीं. १९८६ सालीं अमेरिकेंत २०३ रोग्यांचे दोन गट करून एकाला दोन दिवस व दुसऱ्याला सात दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगितलें. दोन दिवसवाले लवकर कामावर गेले आणि सात दिवसवाल्यांस अधिक निजून अधिक गुण कांहीं आला नाहीं. गादीविषयींचा प्रयोग स्पेन देशांत झाला व २००३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. कंबरेचें जुनें दुखणें असलेल्या ३१३ माणसांपैकीं कांहींना कठीण गाद्या दिल्या व कांहींना मध्यम कठीण. कोणाला कोणती मिळाली हें रोग्यांस ठाऊक नव्हतें आणि तपासणारांसहि नव्हतें. नव्वद दिवसांनीं पाहिलें, तों मध्यम गादीवाल्यांना अंथरुणांतली कळ कमी, उठतांनाची कळ कमी आणि दिवसाच्या कामांतली अडचणहि कमी. ज्या परीक्षेंत परीक्षकाला विद्यार्थ्याचें नांव ठाऊक नसतें तिचा निकाल मास्तराला मान्य करावाच लागतो. आम्हीं तो केला.

याचें कारण शरीराच्या रचनेंत आहे. पाठीचा कणा सरळ काठीसारखा नाहीं. मानेचे सात, पाठीचे बारा व कंबरेचे पांच असे चोवीस हलणारे मणके. मानेशीं व कंबरेशीं त्यांची माळ पुढें झुकलेली, पाठीशीं मागें गेलेली. फळीवर उताणें निजलें म्हणजे कंबरेखालीं पोकळी राहते आणि तेथले स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. कुशीवर निजलें तर सारा भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणीं पडतो. उलट गादी फार मऊ किंवा दबलेली असली तर सैल बाजेवर निजल्याप्रमाणें कंबर झोळींत जाते. जेथें शरीराचा उंचवटा आहे तेथें थोडें खालीं जाऊं देणारी आणि जेथें खळगा आहे तेथें वर येऊन आधार देणारी, ती चांगली गादी.

हें समजल्यावर मुलानें आम्हांस स्टेशनजवळच्या एका दुकानांत नेलें. कापूस सोडून दुसऱ्या कशाची गादी असते, याचा आम्हीं तोंवर विचार केला नव्हता. तेथें काथ्याची गादी पाहिली. नारळाच्या सोडणाच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून व दाबून तिचे थर करितात; ती कठीण असते आणि तिच्यांतून वारा खेळतो. फोमच्या गाद्या नाना प्रकारच्या. त्यांपैकीं अंगाच्या उबेनें मऊ होऊन शरीराचा ठसा घेणारा जो मेमरी फोम, तो १९६६ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेसाठीं झालेल्या कामांतून निघाला. पण तो ऊब धरून ठेवितो आणि आमच्याकडील वैशाखांत त्यावर निजणें म्हणजे घामाची आंघोळ. दुकानदार फोमची 'डेन्सिटी' सांगतो, बत्तीस, चाळीस; म्हणजे एक घनमीटर फोमचें वजन तितके किलो. आंकडा मोठा तितकी गादी कठीण, अशी आमची समजूत झाली होती. ती चुकीची. घनतेवरून गादी किती वर्षें दबणार नाहीं याचा अंदाज येतो. ती कठीण कीं मऊ, ही गोष्ट निराळी व ती निजूनच कळते. बहुतेक गाद्यांवर 'ऑर्थोपेडिक' असा शब्द छापलेला होता. तो शब्द छापणाऱ्यानें आपली पाठ पाहिलेली नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें.

दुकानांत चारचौघांसमोर निजावयाचें, याची आम्हांस लाज वाटली. परंतु चपलेची गोष्ट आठवून आम्ही निजलों. आपण घरीं ज्या कुशीवर निजतों त्याच कुशीवर, निदान दहा-पंधरा मिनिटें निजावें. मग उताणें होऊन कंबरेखालीं हात सरकवून पाहावा. हात खुशाल आरपार जात असेल तर गादी आपणांस कठीण आहे. मुळींच शिरत नसेल तर मऊ आहे. थोड्या प्रयासानें शिरला तर ठीक. आम्हीं खालीं काथ्या आणि वर फोम अशी पांच इंचांची गादी घेतली. ऑगस्ट अखेरीस कंबर मोकळी झाली. गुण गादीचा किती व रोज सकाळीं तळ्यापर्यंत चालत जाण्याचा किती, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं; परंतु येईल जाईल त्याला आम्ही गादीवर व्याख्यान देऊं लागलों.

दसरा झाल्यावर अंगणांत कडक ऊन पडलें तेव्हां घरांतील सर्व अंथरुणें बाहेर काढिलीं. आमच्याकडे घरसामानाची एक वही आहे; ही मास्तरकीची खोड. कोणती गादी कोणत्या सालीं भरली, किती किलो कापूस लागला, कोणाकडे आहे व केव्हां पिंजून घेतली, असे तिच्यांत रकाने आहेत. वही घेऊन आम्ही एकेक गादी पाहत चाललों. शेवटली गादी पाटाएवढी जड व चपातीएवढी पातळ होती. कापसाचे गोळे होऊन कडेला गेलेले, मध्यें खळगा. आणि त्या खळग्यांत एक जुनें सुती पातळ चौघडी करून टांक्यांनीं बसविलेलें.

"हें काय?" आम्हीं विचारलें.

"खळगा पडलाय ना, म्हणून," कुटुंब म्हणालें.

"केव्हांपासून?"

"घरात पाणी शिरलं होतं ना, त्याच्याही आधीपासून."

पाणी शिरलें तें २०१८ च्या जुलैंत, नालासोपाऱ्यास रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या तेव्हां. म्हणजे पांच वर्षें होऊन गेलीं.

"आणि कंबर? ती दुखत नाहीं?"

"दुखते की. पण माझी काही तुमच्यासारखी एका दिवसात धरली नाही, म्हणून कुणाला कळली नाही."

हें हंसत सांगितलें होतें. परंतु आम्हांस हंसतां आलें नाहीं. सून जवळच उशांचे अभ्रे काढीत होती. ती म्हणाली, "बाबा, आपल्या घरात नवी गादी आली की जुनी खाली सरकते, आणि सर्वांत शेवटी आईंकडे येते. वहीत असेल बघा." आम्हीं वही उघडली. ती गादी १९८९ सालीं पाहुण्यांकरितां भरलेली. १९९६ सालीं आमच्याकडे आली. २००४ सालीं मुलाकडे गेली. शेवटचें पिंजणें २००८. २०११ सालीं मुलाला नवी गादी घेतली त्याची नोंद आहे. या गादीपुढील 'कोणाकडे' हा रकाना त्या सालापासून रिकामा. आमच्याच हस्ताक्षरांतील वही, आणि बारा वर्षें ज्या माणसाच्या पाठीखालीं ती गादी होती त्याचें नांव आम्हीं लिहिलें नव्हतें. अमरकोशांत शय्येला, पलंगाला व उशीला नांवें पुष्कळ आहेत. तीं आम्हांस मुखोद्गत आहेत. शेजारीं दोन हातांवर कोण कशावर निजतें, हें मात्र ठाऊक नव्हतें.

मग एकेक गोष्ट उमगूं लागली. पलंगाशेजारच्या भिंतीवर जमिनीपासून दीड हातावर एक तेलकट डाग पडे. घराला रंग देतांना आम्हीं तो दोनदां पुसविला व मुलांवर रागावलों. तो मुलांचा नव्हता. पहाटे उठतांना ती तेथें हात टेकून उठे, त्याचा तो डाग. दुसरें असें कीं, अंथरूण ओवळें म्हणून तें आंघोळीपूर्वीं उचललें पाहिजे, ही आमच्या घरची जुनी चाल. पांच गाद्यांच्या वळकट्या करून मोठ्या ट्रंकेवर रचण्याचें काम उठल्याबरोबर तीच करी. मणक्यांमध्यें ज्या गाद्या देवानें घातल्या आहेत, त्या दिवसभर भारानें दबतात आणि रात्रीं पाणी शोषून पुन्हां फुगतात. म्हणूनच मनुष्य सकाळीं एखादा सेंटीमीटर उंच असतो. अशा फुगलेल्या वेळीं, उठल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासांत, वाकून जड उचलणें पाठीला सर्वांत वाईट. आणि नेमकें तेंच, तेंहि रोज, पस्तीस वर्षें.

उपाय करण्याच्या उत्साहांत आम्हीं पुन्हां एक चूक केली. आमची नवी गादी तिला देऊं केली. शास्त्रानें निवडलेली गादी, तिला कां मानवूं नये? दोन रात्रीं निजून तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "पाटावर निजल्यासारखं वाटतं." आमचें वजन बाहत्तर किलो, तिचें शेचाळीस. जी गादी आमच्या भारानें हवी तितकी दबते ती तिच्या भारानें दबतच नाहीं. आम्हांस जी मध्यम, ती तिला कठीण. म्हणून एका पलंगावर दोघें निजत असतील तर एक मोठी गादी घेण्यापेक्षां दोन निरनिराळ्या गाद्या शेजारीं शेजारीं घालाव्या, हें बरें. तिनें स्वतः दुकानांत निजून पाहून जी ठरविली ती अशी : खालीं काथ्याची चार इंच गादी आणि तीवर नव्या कापसाची पातळ गादी. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून भरून घेतली. जुना कापूसहि त्यांत घालावा, हा आमचा काटकसरीचा विचार. पण पिंजाऱ्यानें तो चिमटींत धरून दाखविला. धागे तुटून त्याचा भुगा झाला होता. अंथरूण जमिनीवरून उचलून साध्या लाकडी खाटेवर नेलें. गुडघ्याच्या उंचीवरून उठणें आणि जमिनीवरून उठणें यांत या वयांत फार अंतर आहे. डॉक्टरांनीं तिच्या हाडांची तपासणी करविली, कारण पन्नाशीनंतर स्त्रियांचीं हाडें विरळ होत जातात आणि अशा हाडांचा मणका थोडक्या कारणानें दबतो. वळकट्या आतां ज्याच्या त्यानें चहानंतर कराव्या, असें ठरलें. सोवळ्याचें काय, असा प्रश्न बंधूंनीं काढला. भावजयींनीं त्याचा तिथल्या तिथें निकाल लावला.

गादी घेणें हा अर्धा भाग. सांभाळणें हा दुसरा. आमच्या दमट गांवांत कापसाच्या गादीला ऊन हेंच औषध. पावसाळ्यापूर्वीं व नंतर दोन दोन दिवस, दोन्ही अंगांनीं, कडक ऊन द्यावें आणि वर्षा-दोन वर्षांनीं पिंजून घ्यावी. फोम आणि रबर यांना मात्र हा न्याय लावूं नये. उन्हानें ते पिवळे पडून त्यांचा भुगा होऊं लागतो. त्यांना सावलींतला वारा पुरे. फोमची गादी पावसाळ्यांत थेट फरशीवर टाकूं नये. अंगाचा दमटपणा खालीं उतरून थंड फरशीशीं सांठतो व खालून बुरशी धरते. फटी असलेल्या फळ्यांची खाट उत्तम. दर तीन महिन्यांनीं उशाकडची बाजू पायथ्याशीं करावी; दोन्ही बाजूंनीं वापरण्यासारखी असेल तर उलटीहि करावी. खोळ धुतां येईल अशी असावी व चादरी गरम पाण्यांत धुवाव्या, कारण अंगाच्या कोंड्यावर जगणारे, डोळ्यांस न दिसणारे किडे अशाच ओलसर हवेंत माजतात. ढेकूण झाले तर केवळ उन्हावर विसंबूं नये. गादीच्या पोटांत ऊन पोंचत नाहीं. पुराच्या पाण्यांत बुडालेली गादी वाळवून ठेवण्याचा मोह धरूं नये. २०१८ सालीं आम्हीं एक वाळविली, आणि दोन महिन्यांनीं वासामुळें टाकली.

आणि गादीच्या अंगीं नसलेले गुणहि तिला चिकटवूं नयेत. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, पायांतली शक्ति जात असेल, लघवी-शौचाचा ताबा सुटत असेल, बैठकीची जागा बधिर होत असेल, वजन कारणावांचून घटत असेल, किंवा पडल्यानंतर दुखूं लागलें असेल, तर दुकानाची वाट न धरतां त्याच दिवशीं डॉक्टरांची धरावी.

चरकानें शरीराचे तीन आधार सांगितले, त्यांत आहारानंतर निद्रेला स्थान दिलें आहे. पानांत कोणाला काय वाढलें गेलें, हें एकत्र कुटुंबांत सगळ्यांना दिसतें. अंथरूण रात्रीं दिवा मालविल्यावर घातलें जातें व उजाडण्यापूर्वीं उचललें जातें, म्हणून तें कोणाला दिसत नाहीं. आमच्या कुटुंबाची कंबर सर्वस्वीं बरी झाली असें आम्ही म्हणणार नाहीं. पंधरा दिवसांतून एखादे दिवशीं ती शेकाची पिशवी मागते. ती आम्ही गरम करून देतों. परंतु भिंतीवर नवा डाग पडलेला नाहीं. वाचकांनीं येत्या उन्हाच्या दिवसांत घरांतील सगळीं अंथरुणें एकदां अंगणांत किंवा गच्चीवर एका ओळींत मांडावीं, आणि प्रत्येकावर हात फिरवून तें कोणाचें, हें विचारावें, एवढीच विनंती आहे. आमच्या वहींतला तो रकाना आतां भरलेला आहे.